संग्रह, घटक आणि क्रम : 'इटरेटर' ह्या कल्पनेची चिकित्सा

वस्तुकेंद्री प्रोग्रामन-भाषांवरील कोणतेही पाठ्यपुस्तक घेतले, तरी त्यात केव्हा ना केव्हा एक प्रकरण असे येते, की ज्यात विद्यार्थ्यास स्वतः रचिलेला संग्रह भाषेच्या 'फॉर' लूपमधून फिरविण्याजोगा कसा करावा हे शिकविलेले असते. प्रकरण बहुधा आटोपशीर असते. एक क्लास घ्यावा, त्यात एक लिस्ट दडवावी, दोन मेथड लिहाव्यात, आणि शेवटी तीन-चार फळांची नावे एकाखाली एक छापून दाखवावीत, एवढ्यावर ते संपते. आंबा आधी आला काय किंवा पेरू आधी आला काय, काहीच बिघडत नसल्यामुळे क्रमाचा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उद्भवत नाही. आमच्या मते ह्या विषयातील अवघड भाग नेमका तेथेच आहे, आणि तो टाळल्यामुळे पुढे ज्या चुका होतात त्या सहसा प्रोग्राम बंद पाडीत नाहीत, चुकीचे उत्तर मुकाट्याने देतात.

ह्या विवेचनाचा आधारग्रंथ म्हणजे गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस ह्या चौघांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला 'डिझाइन पॅटर्न्स'. त्यात वर्णिलेल्या तेवीस रचनाबंधांपैकी इटरेटर हा एक. त्याचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे : संग्रहाची अंतर्गत रचना उघड न करता त्यातील घटक एकामागून एक हाती देणारी एक वेगळी वस्तू असावी, आणि 'आपण कोठवर आलो' ही खूण त्या वस्तूने सांभाळावी. संग्रह लिस्ट असो, ट्री असो की हॅश टेबल असो, वापरणाऱ्यास त्याचे सोयरसुतक असू नये. ही व्याख्या निर्दोष आहे. एकाच संग्रहावर निरनिराळ्या क्रमांनी फिरता यावे, हा इटरेटर वेगळा काढण्याचा एक प्रमुख हेतू असल्याचेही ग्रंथकारांनी सांगितले आहे. परंतु पुढे भाषांनी ही कल्पना आपल्या व्याकरणात सामावून घेतली, तेव्हा हा हेतू मागे पडला आणि प्रत्येक संग्रहास एकच, बिननावाचा, गृहीत धरलेला क्रम चिकटविण्यात आला. आमचा आक्षेप ह्या संकोचावर आहे.

जाता जाता शब्दाविषयी. इटरेटरला 'पुनरावर्तक' असा प्रतिशब्द काही ठिकाणी योजिलेला आढळतो. पुनरावृत्तीत तीच गोष्ट पुन्हा घडते. येथे तर प्रत्येक वेळी दुसरा घटक हाती येतो, आणि एकदा येऊन गेलेला पुन्हा येऊ नये हीच अपेक्षा असते. जपमाळेवरून फिरणाऱ्या बोटास आपण पुनरावर्तक म्हणत नाही. यास्तव प्रस्तुत लेखात रूढ झालेला इटरेटर हाच शब्द ठेविला आहे.

आता फळांची नावे सोडून एक खरे उदाहरण घेऊ. पुणे शहरास पाणी पुरविणारी जी धरणे 'खडकवासला साखळी' ह्या नावाने ओळखली जातात, ती चार आहेत : मुठा नदीवरील टेमघर, मोसे नदीवरील वरसगाव, अंबी नदीवरील पानशेत, आणि ह्या तिन्हींचे पाणी ज्यात उतरते ते खडकवासला. त्यांचा उपयुक्त साठा अनुक्रमे ३.७१, १२.८२, १०.६५ व १.९७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, असा आहे. साखळी हा शब्द येथे किंचित फसवा आहे. साखळीत कडीमागे कडी असते. येथे मात्र तीन फांद्या एका बुंध्यास येऊन मिळाल्या आहेत. प्रोग्रामकाराच्या भाषेत हा ट्री आहे, आणि खडकवासला त्याचे रूट होय.

ह्या चार धरणांचा 'धरणसंग्रह' नावाचा क्लास आपण लिहिला असे समजू. पायथन भाषेत तो 'फॉर'मध्ये चालण्याजोगा करावयाचा, तर 'इटर' नावाची मेथड लिहावी लागते, जी एक इटरेटर परत देते. आणि त्या इटरेटरमध्ये 'नेक्स्ट' नावाची मेथड असावी लागते, जी पुढचा घटक देते व घटक संपले की 'स्टॉप-इटरेशन' हा संकेत करते. जावात 'इटरेबल' हा इंटरफेस पत्करावा लागतो, आणि इटरेटर 'हॅज-नेक्स्ट' व 'नेक्स्ट' अशा दोन प्रश्नांची उत्तरे देतो. सी-शार्पमध्ये 'मूव्ह-नेक्स्ट' व 'करंट' अशी विभागणी आहे. तपशील भिन्न असले तरी करार एकच आहे. त्या करारात एका गोष्टीचा उल्लेख नाही : ह्या चौघांपैकी आधी कोण यावयाचे?

रोज सकाळी वर्तमानपत्रात चारही धरणांच्या साठ्याची बेरीज देण्यात येते. त्या कामापुरता कोणताही क्रम चालेल, कारण बेरजेस क्रमाची पर्वा नसते. चारही धरणे भरली असता उत्तर २९.१५ टीएमसी हेच येणार. म्हणून पुष्कळ प्रोग्रामकार नावे वर्णक्रमाने लावून मोकळे होतील : खडकवासला, टेमघर, पानशेत, वरसगाव. तक्ता नीटस दिसतो, नाव शोधण्यास सोपे जाते, आणि परीक्षकही पूर्ण गुण देतो.

पुढे पावसाळ्यात तोच क्लास दुसऱ्या कामास लावण्यात येतो. वरच्या प्रत्येक धरणातून किती पाणी सोडले जाईल ते काढावयाचे, ते खडकवासल्याच्या आवकेत मिळवावयाचे, आणि खडकवासल्यातून मुठेत किती सोडावे लागेल ते ठरवावयाचे. येथे वर्णक्रमाने फिरल्यास खडकवासल्याचा हिशेब सर्वांत आधी होतो, म्हणजे वरून येणारे पाणी मांडले जाण्यापूर्वीच होतो. त्याच्या आवकेत आदल्या फेरीचे आकडे तरी राहतात किंवा शून्य तरी राहते. ही चूक केवढी पडेल? समजा, आदल्या दिवशी वरून विसर्ग नव्हता, आज तिन्ही धरणांतून मिळून वीस हजार क्युसेक पाणी खाली येत आहे, आणि प्रोग्राम एकेका दिवसाच्या टप्प्याने चालतो. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे १७२.८ कोटी घनफूट, अर्थात १.७२८ टीएमसी पाणी एका दिवसाच्या हिशेबातून गळाले. ज्या धरणाचा सगळा उपयुक्त साठाच १.९७ टीएमसी, त्याच्या बाबतीत ही चूक जवळजवळ धरणाएवढी आहे. एका तासाचा टप्पा घेतला तर तीच चूक ०.०७२ टीएमसीवर येते, आणि मग ती कोणाच्या नजरेस पडत नाही. आमच्या मते हे अधिक वाईट. दोन्ही प्रसंगी प्रोग्राम सुरळीत चालतो. चारही धरणे एकेकदा भेटली, एकही सुटले नाही, एकही दुबार आले नाही. इटरेटरचा करार अक्षरशः पाळला गेला.

हा क्रम केवळ हिशेबाचा नाही, हे पुण्यात वेगळे सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरते न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन तेही टिकले नाही, आणि पूर शहरात शिरला. मुंबई इलाख्याने १९१६ साली स्थापिलेली आणि आज खडकवासल्यास असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था नद्यांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत खरे पाणी सोडते व अभ्यास करते. अशा प्रतिकृतीत क्रम कोणास सांगावा लागत नाही. पाणी उताराने जाते. प्रोग्रामात उतार नसतो. तो कोणीतरी लिहावा लागतो, आणि लिहिला नाही तर वर्णमाला त्याची जागा घेते.

इतिहासाकडे पाहिल्यास असे दिसते, की ह्या विषयाची सुरुवात अधिक सावधपणे झाली होती. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'क्लू' ही भाषा रचिली. तिच्यात इटरेटर हा भाषेचाच एक घटक होता, आणि 'यील्ड' हा आज सर्वत्र परिचित झालेला शब्द तेथे योजिलेला होता : मेथडने एक घटक द्यावा, तेथेच थांबावे, आणि पुन्हा बोलावणे आले की थांबल्या जागेवरून पुढे चालावे. कार्नेगी मेलन येथील 'आल्फर्ड' भाषेतही त्याच काळात 'जनरेटर' नावाने जवळपास हीच कल्पना मांडण्यात आली. परंतु क्लूमधील ज्या बारकाव्याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो तो हा, की तेथे 'फॉर'पुढे नुसता संग्रह लिहिता येत नसे. त्या संग्रहावरील अमुक एका इटरेटरचे नाव घेऊन त्यास बोलवावे लागे. एका प्रकारास हवे तितके इटरेटर असू शकत, आणि वापरणाऱ्यास दर वेळी एकाची निवड करावी लागे. लिहिणाऱ्यास चार अक्षरे जास्त पडत. पण वाचणाऱ्यास क्रम कोणता ते तेथल्या तेथे कळे.

ह्या शिस्तीचा पुढे विसर पडला. जावाच्या १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत 'एन्युमरेशन' होते, १९९८ मध्ये त्याच्या जागी 'इटरेटर' आला, आणि २००४ च्या पाचव्या आवृत्तीत 'इटरेबल' व त्याबरोबर सुटसुटीत 'फॉर' आला. पायथनमध्ये २००१ च्या २.२ ह्या आवृत्तीपासून आजची पद्धत सुरू झाली. त्यापूर्वी 'फॉर' शून्य, एक, दोन असे आकडे देऊन घटक मागत असे आणि मागणी फसली की थांबत असे, त्यामुळे जे क्रमांकाने मोजता येत नाही त्यावर फिरणे ओढाताणीचे होई. सुधारणा झाली ह्यात शंका नाही. तथापि ह्या प्रत्येक पायरीवर सोय वाढली आणि क्रमाचे नाव पुसट झाले. 'संग्रहातील प्रत्येक धरण' असे लिहिता येऊ लागले, आणि 'कोणत्या क्रमाने' हे विचारण्याची जागाच वाक्यात उरली नाही.

जावाच्या कर्त्यांस ह्याची जाणीव निदान एका ठिकाणी होती असे म्हणावयास हरकत नाही. 'मॅप' ह्या प्रकारात किल्ली व तिचे मूल्य अशा जोड्या असतात, आणि तो मुद्दामच इटरेबल केलेला नाही. किल्ल्यांवर फिरावयाचे की मूल्यांवर की जोड्यांवर, हे वापरणाऱ्याने तीन निरनिराळ्या मेथडपैकी एकीचे नाव घेऊन सांगावे लागते. पायथनमध्ये त्याच प्रकारच्या संग्रहावर सरळ फिरल्यास किल्ल्या मिळतात; मूल्ये मिळतील अशा समजुतीने प्रत्येक नवशिक्या एकदा तरी फसतो.

आमची सूचना ह्याच धर्तीची आहे. जेथे संग्रहास स्वाभाविक क्रम आहे, उदाहरणार्थ रांगेत उभी असलेली माणसे, तेथे भाषेचा गृहीत इटरेटर खुशाल द्यावा. जेथे तो नाही, तेथे क्लासला 'इटर' देऊच नये. धरणसंग्रहास 'वर्णक्रमाने' व 'प्रवाहक्रमाने' अशा दोन मेथड असाव्यात, आणि 'फॉर'ने त्यांपैकी एकीकडे मागणी करावी. प्रवाहक्रम लिहिणे अवघडही नाही : प्रत्येक धरणाने प्रथम आपल्या वरच्या धरणांना एकेक करून पुढे करावे, आणि सर्वांत शेवटी स्वतः यावे. 'यील्ड' असलेल्या भाषेत ह्यास चार ओळी पुरतात. उद्या वरच्या अंगास एखादा बंधारा वाढला तरी त्या ओळींना हात लावावा लागत नाही. सोयीचा भक्त असे म्हणेल, की गृहीत इटरेटर नसल्यास बेरीज, गणना, शोध अशी भाषेची तयार साधने त्या संग्रहास लागू पडत नाहीत. ती पडतात, त्यांना संग्रहाऐवजी नावाचा इटरेटर द्यावयाचा एवढेच.

तरीसुद्धा एक अडचण उरते, आणि तिचे समाधानकारक उत्तर इटरेटरच्या चौकटीत सापडत नाही. टेमघर, वरसगाव व पानशेत ह्या तिघांत आपसांत पहिला-दुसरा असे काही नाही. चार धरणांचे क्रम चोवीस होतात. त्यांपैकी खडकवासला शेवटी असलेले सहा, आणि प्रवाहाच्या दृष्टीने सहाही सारखेच खरे आहेत. इटरेटरला मात्र सहांतून एक निवडावाच लागतो, कारण एका वेळी एकच घटक देणे हा त्याचा धर्म आहे. जे माहीत नाही, किंबहुना जे अस्तित्वातच नाही, असे काहीतरी तो सांगून बसतो; आणि पुढचा प्रोग्रामकार त्या निवडीस अर्थ आहे असे समजून तिच्यावर इमारत उभारतो. उपाय एवढाच, की सहाही क्रमांनी प्रोग्राम चालवून उत्तर बदलत नाही ना, ते पाहावे. धरणे चार आहेत तोवर हे शक्य आहे.

क्रमाइतकाच उपेक्षित प्रश्न घटकाचा. संग्रहाचा घटक कोणता, हे वस्तुतः कोण ठरवितो? खडकवासला हेच नाव घ्या. शब्द हाही अक्षरांचा संग्रह आहे, व बहुतेक भाषांत त्यावर 'फॉर' चालतो. यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास ह्या नावाचे बाइट २४ होतात. पायथन त्यावर फिरताना ८ घटक देते, कारण ते युनिकोडचे संकेत मोजते, आणि 'वा' व 'ला' ह्यांतील काना त्याच्या लेखी स्वतंत्र घटक आहे. स्विफ्ट भाषा ६ घटक देते : ख, ड, क, वा, स, ला. आणि उच्चार ऐकून अवयव मोजले तर चारच भरतात, कारण बोलताना 'डक' आणि 'वास' ही एकेका झटक्यात उच्चारली जातात. चोवीस, आठ, सहा आणि चार ह्यांतील एकही उत्तर चूक नाही. प्रत्येक उत्तर निराळ्या कामाचे आहे. परंतु शब्द उलटा करून दाखविणारा साधा प्रोग्राम पायथनच्या घटकांवर विसंबला, तर काना व्यंजनाच्या आधी जाऊन पडतो आणि छापलेले नाव कोणास वाचता येत नाही. जोडाक्षरांची गत याहून वाईट होती. 'क्षेत्र' ह्या शब्दात आपण दोन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या दृश्य-अक्षर ठरविण्याच्या नियमांनी २०२३ च्या १५.१ ह्या आवृत्तीपर्यंत त्यात चार मोजली जात, कारण हलन्ताशी तुकडा पडे. त्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांपुरता हा दोष दूर झाला. म्हणजे कोट्यवधी लोक रोज लिहितात त्या लिपीचा घटक कोणता, हे ठरण्यास इतका काळ लागला. पाठ्यपुस्तकातील प्रकरण मात्र घटक म्हणजे काय हे स्वयंसिद्ध धरूनच सुरू होते.

इटरेटर संग्रहापासून वेगळा का असावा, ह्याविषयी ग्रंथातील विवेचन उत्तम आहे, आणि ते पाळले जात नाही ह्याचा दोष ग्रंथावर येत नाही. पंगतीचे उदाहरण घ्यावे. पंगत बसलेली आहे; एक वाढपी भात घेऊन निघाला आहे, दुसरा त्याच्या मागून वरण घेऊन. दोघे एकाच वेळी निरनिराळ्या पानांपाशी आहेत, आणि आपण कोठवर आलो हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. ती खूण वाढप्याने न ठेवता पंगतीनेच ठेवावयाची म्हटले, तर एका वेळी एकच वाढपी फिरू शकेल. अनेक विद्यार्थी संग्रहाच्या क्लासातच 'सध्याचे स्थान' असे चल ठेवतात, 'इटर' मेथडमध्ये ते शून्यावर आणतात, आणि संग्रहालाच इटरेटर म्हणून परत देतात. एकेरी लूपमध्ये सर्व ठीक चालते. प्रत्येक धरणाची प्रत्येक धरणाशी तुलना करण्यासाठी लूपमध्ये लूप घातला, की सोळा जोड्यांऐवजी चारच जोड्या मिळतात : आतला लूप स्थान शेवटास नेऊन ठेवतो, आणि बाहेरच्या लूपला वाटते आपलेही काम झाले. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक आम्ही इतक्या वेळा पाहिली आहे, की आता प्रश्नातच लूपमध्ये लूप घालून विचारणे भाग पडले आहे.

राहिला प्रश्न संग्रह फिरता फिरता बदलण्याचा. पायथनची लिस्ट घेऊन तीत टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ह्या क्रमाने चार नावे ठेवावीत. चारही धरणे भरलेली आहेत, आणि 'भरलेले धरण दिसताच लिस्टमधून काढावे' असा लूप लिहावा. टेमघर निघते, वरसगाव सरकून त्याच्या जागी येते, इटरेटर दुसऱ्या जागेवर जातो आणि तेथे पानशेत असते. ते निघते. लूप संपतो. वरसगाव व खडकवासला लिस्टमध्ये तशीच राहतात, आणि एकही तक्रार नोंदली जात नाही. जावाची लिस्ट अधिक जागरूक आहे. ती बदलांची संख्या मोजते, आणि फिरणे चालू असता बाहेरून बदल झाल्याचे आढळल्यास फिरणे थांबवून अपवाद उत्पन्न करते. मात्र ही दक्षता हमी नव्हे, होईल तितका प्रयत्न आहे, असे तिच्या कर्त्यांनीच लिहून ठेविले आहे, आणि ते खरे आहे. ही संख्या 'नेक्स्ट' तपासतो; 'हॅज-नेक्स्ट' तपासत नाही, तो केवळ स्थान व लांबी ह्यांची तुलना करतो. वरच्याच क्रमाने चार धरणे 'ॲरे-लिस्ट'मध्ये ठेवून शेवटून दुसरे, म्हणजे पानशेत, फिरता फिरता लिस्टमधून काढल्यास स्थान तीन व लांबीही तीन होते. 'हॅज-नेक्स्ट' नकार देतो, 'नेक्स्ट' बोलाविला जात नाही, अपवाद येत नाही, आणि खडकवासल्याची पाळी येण्यापूर्वीच लूप संपतो. काढून टाकावयाचेच असेल तर ते इटरेटरच्या स्वतःच्या 'रिमूव्ह' ह्या मेथडने काढावे. मग स्थानही एक पाऊल मागे येते आणि पुढचे धरण हाती लागते.